विश्लेषण : ब्रेथ ॲनालायझरचा आकडा न्यायालयात किती टिकतो?

नाकाबंदीत पोलिसांनी पुढे केलेल्या यंत्रात फुंकले की काही सेकंदांत आकडा दिसतो. तो ३० च्या वर असला तर गाडी बाजूला, परवाना पोलिसांच्या हातात आणि प्रकरण न्यायालयात. पण हा आकडा नेमका कशाचा? यंत्र चुकते का? रक्ताचा नमुना हा त्याहून भक्कम पुरावा असतो का? आणि पुण्यातील पोर्शे प्रकरणानंतर या पुराव्याबद्दल नव्याने शंका का घेतल्या जात आहेत?

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही, तर पुन्हा गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. त्याआधी दंडाची रक्कम अनुक्रमे दोन हजार आणि तीन हजार रुपयांपर्यंत होती.

हेल्मेट किंवा सिग्नल मोडल्याच्या चलानप्रमाणे हा दंड मोबाइलवरून भरून मोकळे होता येत नाही. तडजोडीने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत कलम १८५ नाही. त्यामुळे चालकाला न्यायालयात उभे राहावेच लागते. अनेक जण पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून दंड भरतात. ही कबुली म्हणजे दोषसिद्धी असते. पुढे पुन्हा पकडले गेल्यास तीच नोंद ‘दुसरा गुन्हा’ ठरवण्यासाठी वापरली जाऊ शकते. शिवाय परवाना निलंबित होण्याची शक्यता असते ती वेगळीच.

महाराष्ट्रात दोन मर्यादा कशा?

महाराष्ट्रात मोटार वाहन कायद्याबरोबर १९४९ चा दारूबंदी कायदाही लागू आहे. त्याच्या कलम ६६ (२) मध्ये रक्तातील अल्कोहोलचे प्रमाण ०.०५ टक्के किंवा अधिक आढळल्यास ते औषध वगैरे कायदेशीर कारणामुळे होते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. ०.०५ टक्के म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम. कलम १८५ ची मर्यादा याच मापात ०.०३ टक्के होते.

म्हणजे ४० मिलिग्रॅम आढळलेला चालक मोटार वाहन कायद्यात अडकतो, पण दारूबंदी कायद्यातील हे गृहीतक त्याला लागू होत नाही. कोणत्या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला आणि तपासणी कोणत्या नियमांनुसार झाली, हे बचाव पक्ष सर्वात आधी पाहतो ते यामुळेच.

नाशिकमध्ये हा प्रश्न अधिक महत्त्वाचा का?

नाशिकची ओळख देशाची ‘वाइन कॅपिटल’ अशी आहे. गंगापूर धरणाच्या परिसरात आणि दिंडोरी तालुक्यात वायनरी आहेत. शनिवार-रविवारी तिथे येणारे पर्यटक बहुतेक स्वतःच्या गाडीने येतात आणि गंगापूर रोड, दिंडोरी रोड किंवा मुंबई-आग्रा महामार्गाने परततात.

आता साधा हिशेब पाहू. १२ टक्के अल्कोहोल असलेल्या वाइनचा १५० मिलिलिटरचा एक ग्लास घेतला, तर पोटात सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल जाते. न्यायवैद्यक शास्त्रात प्रचलित असलेल्या विडमार्क सूत्राने ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात यातून जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅमच्या आसपास पातळी येते. ५५ किलो वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत हाच आकडा ४५ मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ शकतो. पोटात अन्न किती, किती वेळात प्यायले यावर तो कमी-जास्त होतो.

थोडक्यात, ‘एकच तर ग्लास घेतला’ म्हणणारा माणूस नेमका कायद्याच्या रेषेवर उभा असतो. १५० मिलिग्रॅम पातळी असलेल्या चालकाच्या बाबतीत यंत्र पाच-सहा मिलिग्रॅमने चुकले तरी निकाल बदलत नाही. रेषेवरच्या माणसाच्या बाबतीत तेवढ्याच फरकावर गुन्हा आहे की नाही, हे ठरते.

यंत्र रक्तातील अल्कोहोल मोजते का?

नाही. ते श्वासातील अल्कोहोल मोजते आणि त्यावरून रक्तातील प्रमाणाचा अंदाज देते. फुप्फुसांतून वाहणाऱ्या रक्तातील अल्कोहोलचा काही अंश वाफेच्या रूपात श्वासात येतो. सर्वसाधारण गृहीतक असे आहे, की २,१०० मिलिलिटर श्वासात जितके अल्कोहोल असते, तितके एक मिलिलिटर रक्तात असते. हे २,१०० : १ गुणोत्तर यंत्राच्या प्रणालीत भरलेले असते. ब्रिटनमध्ये हिशेबासाठी २,३०० : १ हे गुणोत्तर धरले जाते.

प्रत्यक्षात हे गुणोत्तर माणसागणिक आणि वेळेगणिक बदलते. शरीराचे तापमान, फुंकण्याची पद्धत, दारू प्यायल्यानंतर गेलेला वेळ यांचा त्यावर परिणाम होतो. समजा यंत्राने ३२ दाखवले. ज्याचे खरे गुणोत्तर १,९०० आहे त्याच्या रक्तातील प्रमाण २९ च्या जवळ, म्हणजे मर्यादेच्या आत निघेल. ज्याचे गुणोत्तर २,४०० आहे त्याच्या रक्तात मात्र ते ३६ च्या वर असेल. त्यामुळे या गृहीतकाचा फायदा आणि तोटा दोन्ही बाजूंना होऊ शकतो. अनेक चालकांच्या बाबतीत यंत्र प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवते, हेही लक्षात घ्यायला हवे.

यंत्र चुकण्याची नेमकी कारणे कोणती?

पहिले कारण म्हणजे तोंडात शिल्लक राहिलेले अल्कोहोल. नुकताच घोट घेतला असेल, अल्कोहोलयुक्त माउथवॉशने चूळ भरली असेल किंवा होमिओपॅथीच्या अर्काचे थेंब घेतले असतील, तर फुप्फुसातील हवेऐवजी तोंडातील वाफ मोजली जाते आणि आकडा एकदम चढतो. द्राक्षारिष्टासारख्या आयुर्वेदिक आसव-अरिष्टांतही आंबवण्याच्या प्रक्रियेतून तयार झालेले अल्कोहोल असते. हा परिणाम साधारण १५ मिनिटांत ओसरतो. म्हणूनच चाचणीपूर्वी १५ मिनिटे थांबणे आणि त्या काळात चालकाला काही खाऊ-पिऊ न देणे ही जगभर मान्य असलेली पद्धत आहे.

दुसरे कारण सेन्सर. दर्जेदार यंत्रांत ‘फ्युएल सेल’ सेन्सर असतो. त्यात अल्कोहोलचे ऑक्सिडेशन होऊन अत्यंत सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो आणि तो मोजला जातो. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या यंत्रांत बहुधा सेमीकंडक्टर सेन्सर असतो. मधुमेह नियंत्रणात नसलेल्या रुग्णाच्या श्वासातील ॲसिटोन किंवा इतर वायूंनाही तो प्रतिसाद देऊ शकतो.

तिसरे कारण कॅलिब्रेशन. कोणताही सेन्सर वापराबरोबर सरकतो. भाजी बाजारातील वजनकाटा जसा ठरावीक काळाने तपासून घ्यावा लागतो, तसेच या यंत्राचे आहे. अल्कोहोलचे माहीत असलेले प्रमाण यंत्राला देऊन ते तेवढेच दाखवते का, हे पाहावे लागते. प्रत्येक चाचणीपूर्वी ‘ब्लँक टेस्ट’ घेऊन यंत्र शून्य दाखवते का, हेही तपासायचे असते. आधीच्या माणसाच्या श्वासाचा अंश किंवा आसपासच्या हवेतील सॅनिटायझरची वाफ यंत्रात राहिली असेल, तर ती इथेच उघड होते.

न्यायालयांनी यावर काय म्हटले आहे?

केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका चालकाविरुद्धचा खटला याच मुद्द्यावर रद्द केला. चाचणीपूर्वी यंत्र शून्यावर नव्हते, त्यामुळे पुढच्या आकड्यावर विसंबता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. पाटणा उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बिहारमधील दारूबंदीशी संबंधित एका सरकारी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात, केवळ ब्रेथ ॲनालायझरचा अहवाल हा मद्यप्राशनाचा निर्णायक पुरावा होऊ शकत नाही, असा निर्वाळा दिला.

या निकालाचा आधार महाराष्ट्रातून गेलेल्या एका जुन्या खटल्यात होता. ‘बच्चूभाई हसनअली करयानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये सांगितले, की तोंडाला दारूचा वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून चालक नशेत होता असा ठाम निष्कर्ष काढता येत नाही. त्या प्रकरणात आरोपीचे रक्त किंवा लघवी तपासलेलीच नव्हती. आजही राज्यातील न्यायालयांत बचाव पक्षाचे वकील हा निकाल हमखास पुढे ठेवतात.

अर्थात, या निकालांमुळे श्वासचाचणी निरुपयोगी ठरत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम २०३ श्वासचाचणीचा निष्कर्ष पुरावा म्हणून ग्राह्य धरते. कलम १८५ च्या व्याख्येतही ब्रेथ ॲनालायझरचा स्पष्ट उल्लेख आहे. पुरावा ग्राह्य असणे आणि तो विश्वासार्ह ठरणे या मात्र दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली पायरी कायद्याने ओलांडून दिली आहे, दुसरी सरकारी पक्षाला नोंदींच्या आधारे ओलांडावी लागते.

परदेशात यंत्रांमुळे किती खटले अडचणीत आले?

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात कॅलिब्रेशनची जबाबदारी असलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याने द्रावणाचे तापमान प्रमाणित थर्मामीटरने तपासण्याची एक पायरी गाळल्याचे उघड झाले. यंत्रे चुकीचे आकडे देत होती, असे कोणी दाखवून दिले नव्हते. तरीही पायरी गाळल्याने विश्वासार्हता सिद्ध होत नाही, असे म्हणत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये २०,६६७ चालकांच्या चाचण्या पुरावा म्हणून अग्राह्य ठरवल्या.

मॅसॅच्युसेट्समध्ये यंत्रांच्या कॅलिब्रेशनमधील अपयशाच्या नोंदी सरकारी कार्यालयाने बचाव पक्षापासून दडवल्या होत्या. २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २७ हजार प्रकरणांतील लोकांना फेरविचाराची दारे उघडली. दोन्हीकडे मूळ दोष नोंदी ठेवण्यात आणि त्या खुल्या करण्यात होता.

भारतात यंत्रांसाठी मानके आहेत का?

कलम २०३ च्या स्पष्टीकरणानुसार श्वासचाचणी केंद्र सरकारने अधिसूचनेद्वारे मान्य केलेल्या प्रकारच्या यंत्रानेच व्हायला हवी. वजनकाटे आणि पेट्रोल पंपांची मापे ज्या वैधमापनशास्त्र यंत्रणेकडून तपासली जातात, तिच्याच कक्षेत ही यंत्रेही आणण्यासाठी केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२४ च्या अखेरीस नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. पुरावा म्हणून वापरल्या जाणाऱ्या यंत्रांची दरवर्षी पडताळणी आणि शिक्का हा त्याचा गाभा आहे. अशी पडताळणी झाल्यास कोणत्या अनुक्रमांकाचे यंत्र कधी तपासले होते, या प्रश्नाचे उत्तर पोलिसांकडे तयार असेल. ही कागदपत्रे नसली, की उलटतपासणीत अंमलदाराकडे उत्तर उरत नाही.

मग रक्तचाचणी सर्वात भक्कम का मानली जाते?

प्रयोगशाळेत रक्तातील अल्कोहोल ‘गॅस क्रोमॅटोग्राफी’ने थेट मोजता येते. त्यात २,१०० : १ सारखे गृहीतक लागत नाही. नाशिकमध्ये न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाची प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. पोलीस ठाण्याच्या भाषेत तिथून येणारा अहवाल म्हणजे ‘सीए रिपोर्ट’.

पण रक्ताचा नमुना सुईतून प्रयोगशाळेच्या टेबलापर्यंत जाताना अनेक हातांतून जातो. राज्यात दारूबंदी कायद्याखाली १९५९ मध्ये केलेले वैद्यकीय तपासणी आणि रक्तचाचणी नियम याबाबत बारीक सूचना देतात. त्वचा निर्जंतुक पाण्याने पुसायची, रक्त काढताना कोणत्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, किमान पाच मिलिलिटर शिरेतील रक्त घ्यायचे, ते रक्त गोठू न देणारे रसायन आणि प्रिझर्व्हेटिव्ह असलेल्या कुपीत घालून हलवायचे, कुपीवर लेबल लावून डॉक्टरच्या मोहरेने लाखेचे सील करायचे, सोबत त्या मोहरेचा नमुना असलेले पत्र द्यायचे आणि सात दिवसांत कुपी प्रयोगशाळेत पोहोचवायची.

प्रत्येक सूचनेमागे कारण आहे. स्पिरिटच्या बोळ्याने त्वचा पुसली तर त्याचेच अल्कोहोल नमुन्यात मिसळू शकते. सोडियम फ्लोराइडसारखे प्रिझर्व्हेटिव्ह नसेल आणि कुपी उन्हाळ्यात मुद्देमाल कक्षात पडून राहिली, तर जंतूंच्या क्रियेने रक्तात नवे अल्कोहोल तयार होऊ शकते. बूच सैल असेल तर असलेले उडूनही जाते. सीलवरील मोहर पत्रातील मोहरेशी जुळली नाही, तर तोच नमुना पोहोचला याची खात्री राहत नाही.

उत्तर महाराष्ट्रातील ६० वर्षांपूर्वीचा खटला काय सांगतो?

या विषयावरील देशातील महत्त्वाच्या निकालांपैकी एक नाशिकच्या शेजारी, धुळ्यात सुरू झालेल्या खटल्याचा आहे. एप्रिल १९६१ मध्ये झालेल्या अपघातानंतर चालकाचे रक्त धुळ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये घेण्यात आले. खालच्या न्यायालयात शिक्षा झाली, पण मधल्या काळात कुपी कोणाच्या ताब्यात होती याचा पुरावाच नीट आला नव्हता. सत्र न्यायालयाने फेरखटल्याचा आदेश दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

‘उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९६३ च्या निकालात न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. दारूबंदी कायद्यात सांगितलेली रक्तचाचणीची पद्धत हा अल्कोहोल सिद्ध करण्याचा एकमेव मार्ग नाही, उपचारासाठी दाखल असताना रुग्णालयात घेतलेले रक्तही पुरावा होऊ शकते. दुसरे, सरकारी पक्षाच्या पुराव्यात राहिलेल्या उणिवांसाठी संपूर्ण खटला पुन्हा चालवणे योग्य नाही, आवश्यक तर अतिरिक्त पुरावा घेता येतो. म्हणजे पद्धत थोडी वेगळी असली म्हणून पुरावा आपोआप बाद होत नाही. पण कुपी कोणाकडे होती, या प्रश्नाचे उत्तर सरकारी पक्षाला द्यावेच लागते.

गाजलेल्या खटल्यांत काय घडले?

मुंबईतील कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे ॲलिस्टर परेराच्या मोटारीखाली पदपथावर झोपलेले सात मजूर ठार, तर आठ जखमी झाले. त्याच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल आढळले. सत्र न्यायालयाने दिलेली सहा महिन्यांची शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. रक्ताचा अहवाल आणि इतर पुरावा एकमेकांना पूरक होता.

अभिनेता सलमान खानच्या प्रकरणात उलटे झाले. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे वांद्रे येथे झालेल्या अपघातात एकाचा मृत्यू झाला. रक्त त्याच दिवशी, पण काही तासांनी जे. जे. रुग्णालयात घेण्यात आले आणि अहवालात ०.०६२ टक्के अल्कोहोल आढळले. सत्र न्यायालयाने मे २०१५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा सुनावली. काढलेले रक्त आणि प्रयोगशाळेत मिळालेले रक्त यांच्या प्रमाणातील तफावत, नमुना कुठे आणि कसा ठेवला होता, असे प्रश्न बचाव पक्षाने उपस्थित केले. १० डिसेंबर २०१५ रोजी उच्च न्यायालयाने नमुन्याच्या प्रवासाची साखळी सिद्ध झाली नसल्याचे सांगत अहवाल स्वीकारला नाही. चालक कोण होता यासह इतर मुद्द्यांवरही संशय राहिल्याने निर्दोष मुक्तता झाली. राज्य सरकारने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

पोर्शे प्रकरणाने नवे काय दाखवले?

पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ च्या पहाटे अल्पवयीन चालकाच्या मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. ससून रुग्णालयात घेतलेला मुलाचा रक्तनमुना बदलून त्या जागी त्याच्या आईचा नमुना ठेवल्याचा पोलिसांचा आरोप आहे. या प्रकरणी दोन डॉक्टर आणि एका कर्मचाऱ्याला अटक झाली. औंधच्या सरकारी रुग्णालयात घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याशी डीएनए जुळवून पाहिल्याने हा प्रकार उघड झाला. प्रकरण न्यायालयात आहे.

आतापर्यंतचे वाद निष्काळजीपणाचे होते. इथे आरोप जाणूनबुजून केलेल्या फेरफाराचा आहे. दुसरा मुद्दा वेळेचा. शरीर ताशी साधारण १५ ते २० मिलिग्रॅम या दराने रक्तातील अल्कोहोल संपवते. अपघाताच्या वेळी पातळी १०० असेल, तर सात तासांनी घेतलेल्या नमुन्यात ती शून्याजवळ असू शकते. जुलै २०२४ मधील वरळी बीएमडब्ल्यू प्रकरणात मुख्य आरोपी अपघातानंतर दोन दिवसांनी हाती लागला. इतक्या उशिरा घेतलेल्या रक्तातून त्या पहाटेबद्दल काही सांगणे शास्त्रीयदृष्ट्या शक्यच नसते.

म्हणूनच श्वासचाचणी शक्य तितक्या लवकर व्हावी, असे कायदा सांगतो. कलम २०२ नुसार कलम १८५ खाली अटक केलेल्या चालकाची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर त्याला कोठडीतून सोडावे लागते.

चाचणीला नकार दिला तर?

नकार देणे हा सुटकेचा मार्ग नाही. दारू प्यायल्याचा वाजवी संशय असेल आणि चालक फुंकायला नकार देत असेल, तर पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि ठाण्यात डॉक्टरमार्फत रक्ताचा नमुना मागू शकतात. सबळ कारणाशिवाय दिलेला नकार न्यायालय कलम २०५ नुसार सरकारी पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी बाब मानू शकते. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा घटनेतील अधिकार इथे आड येतो का, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. ‘काठी कालू ओघड’ खटल्यात १९६१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने बोटांचे ठसे, हस्ताक्षराचे नमुने यांसारखा भौतिक पुरावा देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे, असे ठरवले आहे.

विम्यावर परिणाम होतो का?

होतो, आणि तिथे पुराव्याचा निकष वेगळा आहे. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. विम्याचा वाद दिवाणी स्वरूपाचा असल्याने शक्यतेचे पारडे कुठे झुकते ते पाहिले जाते. ‘इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस’ या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की श्वास किंवा रक्ताची चाचणी झालेली नसली तरी इतर परिस्थितीवरून चालक नशेत होता हे विमा कंपनी सिद्ध करू शकते. त्यामुळे फौजदारी न्यायालयात सुटका झाली तरी गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो.

चालकाने काय लक्षात ठेवावे?

- यंत्राला नवी नळी लावली आहे का आणि फुंकण्यापूर्वी शून्य दिसते का, हे शांतपणे पाहता येते.
- तारीख, वेळ आणि यंत्राचा अनुक्रमांक असलेली छापील पावती मागून जपून ठेवावी.
- औषध घेतले असल्यास किंवा मधुमेह असल्यास ते त्याच वेळी पोलीस आणि डॉक्टरांना सांगावे, नंतर सांगितल्यास ती पश्चातबुद्धी ठरते.
- अटक झाल्यास पोलीस ठाण्यात पुन्हा श्वासचाचणी देण्याची संधी कलम २०३ (५) ने दिली आहे. ती मागता येते.
- न्यायालयात कबुली देण्यापूर्वी तिचे परिणाम वकिलाकडून समजून घ्यावेत.

यातून अंतिमतः कोणाचे नुकसान होते?

सदोष चाचणीमुळे निर्दोष चालक अडकतो, तसा निष्काळजीपणे हाताळलेल्या नमुन्यामुळे दोषी चालक सुटतो. दुसऱ्या प्रकारात किंमत मोजतात ती अपघातात माणूस गमावलेली कुटुंबे. बचाव पक्षाने कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र मागणे किंवा सीलची मोहर तपासून पाहणे याला पळवाट म्हटले जाते. मात्र ही कागदपत्रे पहिल्या दिवसापासून तयार असतील, तर त्या प्रश्नांनी खटला कोसळत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणे आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरण करणे बंधनकारक करण्याची तरतूद केली आहे. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झालेल्या मोठ्या अपघातांना ती लागू होऊ शकते. नाकाबंदीतील रोजच्या कारवाईसाठी मात्र इतके काही लागत नाही. पडताळणी केलेले यंत्र, शून्याची नोंद असलेली पावती, दोन तासांत डॉक्टर आणि प्रत्येक हाताची सही असलेली मुद्देमालाची नोंद एवढे असले, तरी ३० च्या रेषेवरचा आकडाही न्यायालयात आपला अर्थ टिकवून राहील. आणि रेषेच्या अलीकडे की पलीकडे हा हिशेब करण्याची वेळच येऊ नये असे वाटत असेल, तर वायनरीतून परतताना स्टिअरिंगवर न प्यायलेला माणूस असणे, हाच खात्रीचा उपाय आहे.